स्ट्रेचिंग करूनही पाय धरला, मग ते करायचं कशाला?

लालबागचा_कासव
मंडळी, थोडं रडगाणं आहे, सांभाळून घ्या.

वय ४४, वजन ८१, नोकरी खुर्चीवरची. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची १० किमी पळायची, असं ऑफिसातल्या आम्ही चौघांनी गणपतीतच ठरवलं. गेल्या रविवारी पहाटे पावणेसहाला शिवाजी पार्कला पोचलो आणि नेहमीचं सगळं केलं. पाय कट्ट्यावर ठेवून वाकायचं, अंगठा पकडायचा, वर दोन-चार हिसके. मग पोटऱ्या, मग मान. एकेका पायाला दीड-दोन मिनिटं, अगदी मनापासून. तोवर बाकीचे तिघे पुढे निघून गेले, म्हणून त्यांना गाठायला जोरात सुटलो. पहिली फेरी पुरी व्हायच्या आत उजव्या मांडीला मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. मला वाटलं क्रिकेटचा बॉल लागला. शिव्या द्यायला मागे वळलो, तर मागे कुणीच नाही.

हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, ओढला गेलाय. डॉक्टर म्हणाले, फाटलेला नाही, पण तीन आठवडे पळायचं नाव काढू नका.

माझा त्रागा असा की आमच्यातला एक जण रिक्षातून उतरतो आणि थेट पळायला लागतो. बुटाची नाडी बांधायलासुद्धा वाकत नाही. त्याला काही होत नाही. शाळेत पीटीच्या सरांनी ‘अंग मोकळं करा’ म्हणून जे शिकवलं ते मी तीस वर्षं इमानेइतबारे करतोय, आणि पाय माझाच धरला. हे वॉर्म-अप, स्ट्रेचिंग वगैरे खरंच उपयोगाचं आहे का, की आपण उगाच करतो?

कटिंग_चहा
रिक्षावाल्या मित्राचं वय काय?

लालबागचा_कासव
२९.

कटिंग_चहा
मिळालं की उत्तर. 😀

हाडवैद्य_नाही
मी फिजिओथेरपिस्ट आहे, परळ भागात काम करते. दादा, रागावू नका, पण तुम्ही स्ट्रेचिंग केलंत, वॉर्म-अप केलाच नाहीत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे त्या सर्रास एक समजल्या जातात.

वॉर्म-अप म्हणजे शब्दशः अंग गरम करणं. आधी भरभर चालणं, मग हळू जॉगिंग. तीन-पाच मिनिटांत स्नायूचं तापमान वर चढायला लागतं आणि दहा-पंधरा मिनिटांत बऱ्यापैकी स्थिरावतं. गरम स्नायू लवकर आकुंचन पावतो, नसांमधून संदेश वेगाने जातात, रक्तातला ऑक्सिजन स्नायूला सहज सुटून मिळतो. सांध्यांतलं वंगण हालचालीनेच पातळ होतं. सकाळी पहिल्या दोन मिनिटांत गुडघे कुरकुरतात आणि नंतर गप्प बसतात, त्यात याचाही वाटा असतो.

तुम्ही थंड, झोपेतून नुकत्याच उठलेल्या स्नायूला दोन मिनिटं ताणून धरलंत, हिसके दिलेत आणि लगेच त्याच्याकडून वेग मागितलात. स्नायू ६० सेकंदांपेक्षा जास्त ताणून धरला की त्यानंतर काही वेळ त्याची ताकद आणि उसळी थोडी उतरते. फार नाही, काही टक्केच. पंधरा-वीस सेकंदांच्या ताणाने जवळजवळ काहीच बिघडत नाही. त्यामुळे ताणल्यामुळेच पाय धरला असं मी म्हणणार नाही. खरा घोळ तुम्ही स्वतःच लिहिलाय: ‘गाठायला जोरात सुटलो’. हॅमस्ट्रिंग बहुतेकदा जोरात धावताना, पाय पुढे फेकून जमिनीवर टेकण्याच्या जरा आधी दुखावतो. त्या क्षणी तो लांबलेला असतो आणि त्याच वेळी पुढे जाणाऱ्या पायाला ब्रेकही लावत असतो.

लालबागचा_कासव
ताई, म्हणजे तीस वर्षं चुकीचं करत होतो?

हाडवैद्य_नाही
अर्धवट करत होतात. चुकीचे फक्त हिसके.

पुरावा_दाखवा
दरवेळी कुणीतरी ‘संशोधन सांगतं’ म्हणतं आणि पुढे सरकतं. कुठलं संशोधन? स्ट्रेचिंगने दुखापत टळते की नाही, सरळ सांगा.

हाडवैद्य_नाही
सरळ सांगते. ऑस्ट्रेलियन सैन्यातल्या भरतीच्या जवानांवर एक मोठा अभ्यास झाला, २००० साली प्रसिद्ध झाला. १५३८ जवान, १२ आठवड्यांचं प्रशिक्षण. वॉर्म-अप दोन्ही गटांनी केला, एका गटाने त्यात पायांच्या सहा स्नायूंचं २०-२० सेकंदांचं स्ट्रेचिंग घातलं. शेवटी पायांच्या दुखापतींत दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही.

दुसरा नॉर्वेतला, २००८ चा. १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या १८९२ मुली. एका गटाला सरावाआधी साधारण २० मिनिटांचा ठरावीक वॉर्म-अप दिला, तोच पुढे ‘फिफा ११+’ म्हणून जगभर गेला. त्यात हळू धावणं, दिशा बदलणं, एका पायावर तोल, उडी मारून नीट उतरणं आणि पायांच्या-पोटाच्या ताकदीचे व्यायाम असतात. पायांच्या एकूण दुखापतींचा आकडा संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम उतरला नाही, पण गंभीर दुखापती जवळपास निम्म्या झाल्या. आणि या कार्यक्रमात ताणून धरून उभं राहणं जवळपास नाहीच.

म्हणजे नुसत्या ताणण्याच्या भरवशावर राहू नका. अंग गरम करणं, पुढे जे करायचंय त्याची रंगीत तालीम आणि ताकद, हे काम करतं.

पुरावा_दाखवा
‘ठाम उतरला नाही’ हे स्वतःहून सांगितलंत, म्हणून बाकीचंही मानतो. आणि दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं त्याचं काय? आमचा जिमचा ट्रेनर म्हणतो स्ट्रेच केलं की ठणकत नाही.

हाडवैद्य_नाही
त्यावर १२ अभ्यास एकत्र करून कॉक्रेनचा (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) आढावा आहे, २०११ चा. दुखण्याला शंभरपैकी गुण दिले तर स्ट्रेचिंगने फरक पडतो साधारण एका गुणाचा, एका मोठ्या अभ्यासात चार. ट्रेनरला सांगू नका, बिचारा खूश आहे.

हौद्यातली_माती
वय ७१. गिरणगावातल्या एका तालमीत वाढलो. तिथे ‘स्ट्रेचिंग’ हा शब्द कुणी ऐकला नव्हता. पण वस्ताद आल्या आल्या कुणाला कुस्ती धरू देत नसत. आधी फावडं हातात. हौदा उकरायचा, माती वर-खाली करायची, ढेकळं फोडायची. पोरसवदा होतो तेव्हा वाटायचं, म्हातारा आमच्याकडून फुकट काम करून घेतोय. पाव तासात घामाची धार लागायची. मग बैठका, मग जोर, तेही आधी सावकाश. त्यानंतर हलकी लढत, जोड नव्हे, नुसती पकड सोड. खरी कुस्ती सगळ्यात शेवटी.

आता ताईंचं वाचून लक्षात येतंय की फावडं हाच वॉर्म-अप होता. कंबर, खांदे, पंजा, मांड्या, सगळ्यांना काम. आणि कुस्तीत लागतं तेच, वाकून ओढायचं आणि फेकायचं.

मल्लखांबाचंही तसंच. शिवाजी पार्कच्या कडेला समर्थ व्यायाम मंदिर आहे, १९२५ पासूनचं, तिथले उदय देशपांडे सर ज्यांना २०२४ ला पद्मश्री मिळाली. कधी संध्याकाळी बाहेर उभं राहून बघा. खांबावर अंगाची घडी घालणारी पोरं बघून आपण म्हणतो काय लवचीक आहेत. लवचीकपणा आहेच, पण त्या लवचीकपणाला धरून ठेवणारी ताकद आधी आहे.

कटिंग_चहा
आजोबा, वेगळा धागा काढाच तालमीवर. दंडवत.

घामाघूम_घाटकोपर
एक प्रामाणिक शंका. आपण मुंबईत राहतो. ऑक्टोबरमध्ये घरातून निघून स्टेशनपर्यंत चाललं तरी शर्ट भिजतो. अंग आधीच गरम असताना वॉर्म-अप कशाला? ते थंड देशातल्या लोकांचं खूळ नाही का?

हाडवैद्य_नाही
हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. घाम येतो तो शरीर थंड ठेवण्यासाठी. मुंबईच्या दमट हवेत तो वाळत नाही म्हणून जास्त दिसतो, इतकंच. शर्ट भिजला याचा अर्थ मांडीच्या आतला स्नायू धावायला तयार झाला असा नाही. तुम्ही तास-दीड तास लोकलमध्ये एका पायावर अंग चोरून उभे असता, तेव्हाही घामाने निथळत असता. त्या अवस्थेत उतरून शंभर मीटर पळाल का?

मात्र एक गोष्ट खरी. दमट उकाड्यात लांब पळायचं असेल तर वॉर्म-अप आखूड ठेवा. आधीच अंग तापवून घेतलंत तर पुढच्या किलोमीटरांना दम लवकर लागतो. पाच-सात मिनिटं पुरे. जानेवारीच्या पहाटे, जेव्हा आपण स्वेटर काढून मिरवतो, तेव्हा थोडा जास्त.

घामाघूम_घाटकोपर
उतरून पळतो की. घाटकोपरला मेट्रोचा जिना गाठायचा असतो.

हाडवैद्य_नाही
म्हणूनच माझा दवाखाना चालतो.

खालच्या_थराचा
उशिरा आलो धाग्यावर. मी गोविंदा पथकात खालच्या थराला उभा राहतो, सतरा वर्षं झाली. आमचा सराव गुरुपौर्णिमेला नारळ फुटला की सुरू. रात्री नऊनंतर, सगळे कामावरून आल्यावर. सरावाला वॉर्म-अप व्यवस्थित होतो: मैदानाला फेऱ्या, खांदे फिरवणं, बैठका, मग दोन थर, मग तीन, मग चार. एकदम वर कुणी चढत नाही. थर लावायची पद्धतच अशी पायरी-पायरीची आहे.

खरी गंमत दहीहंडीच्या दिवशी. सकाळी आपल्या वाडीत सलामी देऊन निघालो की टेम्पोत आणि बाइकवर. ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास. वर पाऊस, ओले टीशर्ट. उतरलो की माइकवरून आयोजक ओरडतोय, पुढचं पथक थांबलंय, लगेच थर लावा. चार वर्षांपूर्वी अशाच तिसऱ्या हंडीला माझा खांदा निखळता निखळता वाचला. सकाळी भरपूर अंग गरम केलं होतं, असं मी डॉक्टरांना सांगत होतो. ते हसले.

हाडवैद्य_नाही
हसण्यासारखंच आहे, पण चूक तुमची एकट्याची नाही. वॉर्म-अप साठवून ठेवता येत नाही. नुसतं बसून राहिलं की पंधरा-वीस मिनिटांत स्नायूचं तापमान उतरायला लागतं, ओल्या कपड्यांत आणि वाऱ्यावर त्याहून लवकर. दीड तासानंतर तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. प्रत्येक हंडीआधी पाच मिनिटं नव्याने द्यायला हवीत.

खालच्या_थराचा
आता देतो. टेम्पोतून उतरलो की गोल करून उड्या, खांदे, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून जोर. ढोल वाजत असतोच, लोकांना वाटतं आम्ही नाचतोय. एक्क्यावरच्या, म्हणजे सगळ्यात वर एकटा चढणाऱ्या पोरालाही करायला लावतो. त्याचं वजन नसतं, पण चढताना सगळ्यात जास्त हालचाल त्याचीच.

लालबागचा_कासव
हे मॅरेथॉनलाही लागू होईल ना? ऐकलंय की सुरुवातीच्या ठिकाणी खूप वेळ ताटकळत उभं ठेवतात.

हाडवैद्य_नाही
होईल. घरून निघताना केलेल्या व्यायामाचं तिथे काही उरत नाही. गर्दीत पळता येत नाही, मग जागच्या जागी गुडघे वर, टाचा मागे, पायांचे झोके, हलके बसणं-उठणं. आणि १० किमीवाल्याने पहिला किलोमीटर संथ पळावा. हौशी माणसाचा तोच वॉर्म-अप.

शवासनप्रेमी
इथे स्ट्रेचिंगवर फार अन्याय चाललाय असं वाटतं. मी वीस वर्षं योगवर्ग घेते. माझ्याकडे पन्नाशीच्या बायका येतात, त्यांना साडीचा पदर मागे टाकायला हात वळत नाही. वर्षभरात वळतो. हे ताणूनच होतं. पाश्चात्त्य अभ्यास हाताशी धरून आपली आसनं मोडीत काढू नयेत.

हाडवैद्य_नाही
शंभर टक्के मान्य, आणि यात भांडण नाहीच. लवचीकपणा वाढवायला ताणणं लागतंच, नियमित आणि सावकाश. प्रश्न वेळेचा आहे. जोरात पळायच्या दोन मिनिटं आधी दोन-दोन मिनिटं ताणून धरायचं, की पळून झाल्यावर किंवा संध्याकाळी निवांत? तुमच्या वर्गात तुम्ही आल्याबरोबर पश्चिमोत्तानासन (पाय पसरून बसून पुढे वाकायचं ते) घेता का?

शवासनप्रेमी
नाही हो. आधी सूक्ष्म हालचाली, मग सूर्यनमस्कार, मग बाकीचं.

हाडवैद्य_नाही
बघा. सूर्यनमस्कार म्हणजे हलता वॉर्म-अपच. पाठ, खुबे, खांदे, पोटऱ्या सगळं हलतं आणि कुठेच मिनिटभर अडकून राहत नाही. पहिले चार सावकाश, पुढचे वेगाने. माझ्या कित्येक पेशंटना मी तेच सांगते. फक्त धावणाऱ्याने त्यात थोडं धावणं मिसळावं, कारण सूर्यनमस्कारात पाय जमिनीवर आपटत नाहीत.

शवासनप्रेमी
मग ठीक. आधीचं रागाने लिहिलेलं मागे घेते. अर्ध.

पाचगार्डनची_फेरी
मला माझ्या ह्यांच्याबद्दल विचारायचंय. वय ६३, तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय. आम्ही माटुंग्याला फाइव्ह गार्डनला फिरायला जातो. मी निवांत, हे पहिल्या पावलापासून ताडताड. म्हणतात, ‘मी काय पळतोय, नुसतं चालतोय, चालायला कसला वॉर्म-अप?’ दहा मिनिटांनी बाकावर बसलेले सापडतात.

हाडवैद्य_नाही
काकू, बाकावर का बसतात ते आधी विचारा. छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात जड, दम लागणं, यातलं काही असेल तर धाग्यावर थांबू नका, त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. एकदम जोर पडला की नाडी आणि रक्तदाब झटकन चढतात, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांना तेवढ्या लवकर पुरवठा वाढवता येईलच असं नाही. १९७३ साली निरोगी पुरुषांना काहीही तयारी न करता ट्रेडमिलवर जोरात पळवून ईसीजी काढले होते, तेव्हा त्यांच्यातही बऱ्याच जणांच्या आलेखात गडबड दिसली. आधी थोडं जॉगिंग करवल्यावर ती बरीच कमी झाली. काकांसारख्यांनी दहा-पंधरा मिनिटं संथ चालावं, मग वेग, आणि शेवटी पुन्हा संथ. तरुणाला चालून जाणारी घाई त्यांना परवडणारी नाही.

पाचगार्डनची_फेरी
विचारलं. आधी ‘काही नाही’ म्हणाले, मग ‘थोडं जड वाटतं’. उद्याची अपॉइंटमेंट घेतली. धन्यवाद गं.

कटिंग_चहा
काकू, उद्या कळवा नक्की.

रात्रपाळी
छोटा प्रश्न. उठल्या उठल्या पाठ ताठ असते म्हणून मी बिछान्यातून उतरून लगेच वाकून पायाचे अंगठे धरतो. मोकळं वाटतं. पण दोनदा कंबरेत उसण भरली.

हाडवैद्य_नाही
बंद करा. रात्रभर आडवं राहून मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. त्या अवस्थेत पूर्ण वाकलं की त्यांच्यावर दिवसापेक्षा बराच जास्त ताण येतो. पहिला तासभर खोल वाकणं टाळा. चहा घ्या, चाला, मग वाका. तुमची सकाळ दुपारी दोनला होत असेल तर हिशोब तिथून.

पाचगार्डनची_फेरी
डॉक्टरांनी ट्रेडमिल टेस्ट सांगितलीय, औषधंही थोडी बदलली. तोवर माझ्या चालीने चालायचं. फार चिडलेत. बागेत ओळखीचे भेटतात म्हणे.

लालबागचा_कासव
चार आठवड्यांनी येतोय. वृत्तांत:

तीन आठवडे पळणं बंद होतं. दुखणं उतरल्यावर ताईंनी निरोपात लिहून दिलेलं सुरू केलं. आता शिवाजी पार्कला पोचलो की कट्ट्याला हात लावत नाही. अर्धी फेरी चालणं, पुढची अर्धी अगदी हळू पळणं, म्हणजे आजी-आजोबा ओव्हरटेक करतात इतकं. मग झाडाला धरून पायांचे झोके पुढे-मागे आणि आडवे, दहा-दहा. दहा लंजेस (एक पाय लांब पुढे टाकून गुडघ्यात वाकायचं), चालत. घोट्यांवर उड्या वीस. शेवटी साठ-सत्तर मीटरचे तीन तुकडे, प्रत्येक आधीच्यापेक्षा जरा वेगात. सगळं मिळून बारा मिनिटं. ताणणं पळून झाल्यावर, वडापाव खाण्याआधी. (वडापावावर मत नको आहे.)

काल ५ किमी झाले, ३८ मिनिटांत. पाय गप्प होता. रिक्षावाला मित्र गेल्या आठवड्यापासून आमच्याबरोबर अर्धी फेरी चालतो, म्हणतो कंपनी म्हणून.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. परवा करी रोडला ८:२१ ची लोकल सुटताना दिसली आणि सवयीने जिना उतरून धावलो. मांडीने मागून हलकेच टोचलं. गाडी सोडली. पुढची चार मिनिटांनी होती.

हाडवैद्य_नाही
छान! आणि नॉर्डिक? त्याचं काहीच लिहिलं नाहीत. हॅमस्ट्रिंग पुन्हा धरू नये म्हणून सगळ्यात जास्त उपयोग त्याचा. नियमित करणाऱ्या खेळाडूंमध्ये या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्यात.

घामाघूम_घाटकोपर
नॉर्डिक म्हणजे काय?

हाडवैद्य_नाही
गुडघ्यांवर बसायचं, मागून कुणीतरी घोटे घट्ट दाबून धरायचे. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकत जायचं, मांडीच्या मागच्या स्नायूंनी जमेल तितका वेळ ब्रेक लावायचा आणि शेवटी हातांवर उतरायचं. हा वॉर्म-अप नाही, ताकदीचा व्यायाम आहे. आठवड्यातून दोनदा, सुरुवातीला पाच पुरे. तर, किती झाले?

लालबागचा_कासव
दोन नीट झाले. तिसऱ्याला नाक आपटलं.

हाडवैद्य_नाही
घोटे कुणी धरले होते?

लालबागचा_कासव
चिरंजीवांनी. मध्येच फोन वाजला त्यांचा.